जर्मनच्या तासाला कोण कोण असतं

पुण्यात जर्मन भाषा बहुतेकांच्या आयुष्यात मार्कांच्या वाटेने येते. आठवीला किंवा अकरावीला पालक एकमेकांना सांगतात, ‘जर्मन घ्या, स्कोअरिंग आहे.’ संस्कृतबद्दलही हेच सांगतात. मग दोन्हींपैकी काय घ्यायचं यावर घरोघरी खल होतो आणि त्यात भाषेचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. 2014 साली केंद्रीय विद्यालयांत जर्मनच्या जागी संस्कृत आणण्यावरून दिल्लीत मोठा गदारोळ झाला. तेव्हा आमच्या स्टाफरूममध्ये एकच शेरा ऐकू आला, ‘त्यात काय, आमच्याकडे हे भांडण दर जूनला असतं.’

मी आधी शाळेत जर्मन शिकवलं, मग ज्युनियर कॉलेजात. आता विद्यापीठात थोडे तास असतात आणि संध्याकाळी नोकरीसाठी जर्मनीला निघालेल्यांची एक बॅच. वर्ग बदलले, पुस्तकांच्या आवृत्त्या बदलल्या, पण एक गोष्ट खटकायची ती खटकतच राहिली. पुस्तकातला जर्मनी फार टापटीप आहे. आई, बाबा, दोन मुलं, कुत्रा. कचरा चार डब्यांत. गाडी वेळेवर (हे वाचून तिकडे राहणारे माझे विद्यार्थी हसतील). सगळे एकाच सुरात, एकाच उच्चारात बोलणारे. आणि मग अगदी मागे, निबंधाच्या नमुन्यांच्या जरा आधी, ‘बहुरंगी जर्मनी’ छापाचा एक धडा: डोक्याला रुमाल बांधलेली मुलगी, भाजीवाला तुर्की गृहस्थ, डोनर कबाबचा फोटो. परीक्षेला त्यावर प्रश्न नसतो. पोर्शन फेब्रुवारीत कसाबसा संपतो, त्यामुळे तो धडा ‘घरी वाचा’ यादीत जातो आणि कोणी वाचत नाही.

मला वाटतं, तो धडा काढूनच टाकावा. विविधता मागे नेऊन ठेवायची गोष्टच नाही, ती पहिल्या धड्यातल्या दुसऱ्या प्रश्नात येऊन बसलेली आहे.

पहिला प्रश्न, तुझं नाव काय. दुसरा, ‘वोहेर कोम्स्ट डू?’ तू कुठून आलास? जगभर जर्मन शिकणारा प्रत्येक जण हे वाक्य पहिल्या आठवड्यात पाठ करतो. आमची मुलं उत्साहाने सांगतात: इश् कोमं आउस पुणे, आउस सातारा, आउस लातूर. गंमत येते, वर्ग सैलावतो. हाच प्रश्न जर्मनीत जन्मलेल्या, तिथेच वाढलेल्या, पण दिसायला ‘तसा’ नसलेल्या माणसाला विचारला की काय होतं, हे मात्र पुस्तकात कुठेच येत नाही. काही वर्षांपूर्वी तिथल्या एका टीव्ही कार्यक्रमात परीक्षकाने पाच वर्षांच्या एका मुलीला तू कुठून आलीस असं विचारलं. ती म्हणाली, हेर्नेहून. हेर्ने हे रूर खोऱ्यातलं शहर. परीक्षकाचं समाधान होईना. आईबाबा कुठले, मूळचे कुठले, खरे कुठले, असं तो विचारत राहिला. मुलीला प्रश्नच कळेना, कारण ती हेर्नेचीच होती. 2019 च्या सुरुवातीला त्यावरून समाजमाध्यमांवर मोठी चर्चा झाली. ‘मी इथलाच’ या अर्थाच्या हॅशटॅगखाली हजारो लोकांनी आपापले अनुभव लिहिले.

मी हा प्रसंग अकरावीच्या वर्गात सांगितला. मला वाटलं होतं, ‘जर्मन लोक किती रेसिस्ट’ असं म्हणून मुलं मोकळी होतील. काही जण म्हणालेही. पण त्याच आठवड्यात आम्ही नावं स्पेल करायला शिकत होतो. फोरनामे म्हणजे नाव, फामिलियननामे म्हणजे आडनाव. एकेक जण उठून जर्मन मुळाक्षरांत आडनाव फोडून सांगत होता. मागच्या बाकावरच्या एका मुलाने स्वतःचं नाव सांगितलं आणि आडनावाच्या जागी वडिलांचं नाव. कोणीच काही बोललं नाही. वर्गात बहुतेकांना कळलं होतं, न कळलेल्यांना शेजाऱ्याने कोपराने ढोसून कळवलं असावं. हेर्नेच्या मुलीवर बोलणं चाललं होतं तेव्हा तोच मुलगा म्हणाला, ‘मॅडम, तिकडे खरं कुठला विचारतात, इकडे पूर्ण नाव विचारतात.’

मी वर्षानुवर्षं ‘आंतरसांस्कृतिक संवाद’ नावाच्या कार्यशाळांना बसले आहे, रंगीत कागदांवर फुलं काढली आहेत. एवढं नेमकं वाक्य तिथे कुणाकडून ऐकलं नव्हतं. तेव्हापासून मी पहिल्या धड्याला घाई करत नाही. ‘वोहेर कोम्स्ट डू’ विचारायचं, उत्तर घ्यायचं आणि तिथेच थांबायचं. समोरच्याने जे गाव सांगितलं तेच त्याचं गाव. पुढे ‘नाही, पण मूळचा?’ हा प्रश्न जर्मनमध्ये कसा विचारतात ते मी शिकवतच नाही. शिकतील आपलं आपण.

एका फोटोचं सांगते. 10 सप्टेंबर 1964, कलोनमधलं डॉइट्स स्टेशन. पोर्तुगालहून कामगारांची गाडी आली आहे. लाउडस्पीकरवरून एक नाव पुकारलं जातं: आर्मांदो रॉड्रिगेस द सा. सुतारकाम करणारा, अडतीस वर्षांचा माणूस. घाबरतो, आपल्याला परत पाठवतात की काय म्हणून. प्रत्यक्षात तो दहा लाखावा ‘गास्टआर्बायटर’, म्हणजे पाहुणा कामगार, ठरलेला असतो. त्याला फुलं देतात आणि एक मोपेड देतात. हॅट घातलेला, भांबावलेला माणूस दुचाकीवर बसलाय आणि भोवती कोटवाले लोक. ती मोपेड आज बॉनच्या इतिहास संग्रहालयात आहे.

हा फोटो मी भूतकाळ शिकवताना वापरते. आधी ‘फोटोत काय दिसतं’, ते वर्तमानकाळात. मग ‘आधी काय घडलं होतं’. इथे करारांची साखळी येते: 1955 मध्ये इटली, 1960 मध्ये स्पेन आणि ग्रीस, 1961 मध्ये तुर्कस्तान, मग मोरोक्को, पोर्तुगाल, ट्युनिशिया, युगोस्लाव्हिया. युद्धानंतर कारखाने धडधडत होते आणि माणसं कमी पडत होती. 1973 मध्ये तेलसंकट आलं आणि भरती बंद झाली. या काळात साधारण 1 कोटी 40 लाख लोक आले, 1 कोटी 10 लाख परत गेले. उरलेल्यांनी बायकामुलांना बोलावून घेतलं. मुलं तिथेच जन्मली, तिथल्या शाळेत शिकली, आणि कायद्याच्या लेखी परदेशीच राहिली. जन्माच्या आधारे, काही अटींवर, नागरिकत्व मिळायला 2000 साल उजाडावं लागलं. ‘नंतर काय झालं’ हे वाक्य पूर्ण करताना मुलांना सांगावं लागतं की आर्मांदो आजारी पडून पोर्तुगालला परतला आणि 1979 मध्ये वारला. मोपेडचा फोटो मात्र तसाच, हसरा, अजून फिरतोय. या एका फोटोत तिन्ही काळ उरकतात आणि कुत्र्याला फिरवायला नेणाऱ्या कुटुंबापेक्षा मुलं जास्त प्रश्न विचारतात.

‘आपले लोक गेले होते का, मॅडम?’ हा त्यातला ठरलेला प्रश्न. गेले होते, पण त्या करारांखाली नाही. साठच्या दशकात केरळातल्या कितीतरी तरुणी कॅथलिक चर्चच्या ओळखीने पश्चिम जर्मनीत नर्स म्हणून गेल्या. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात गरज संपल्यासारखी वाटली, तेव्हा त्यातल्या अनेकींचे परवाने वाढवून मिळाले नाहीत. मग 2000 साल. श्रोडर सरकारने परदेशी संगणक अभियंत्यांसाठी ग्रीन कार्ड जाहीर केलं आणि डोळ्यांसमोर अर्थातच भारतीय होते. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालिया राज्यात निवडणूक तोंडावर होती. तिथले विरोधी उमेदवार युर्गेन रुटगर्स म्हणाले, भारतीयांऐवजी आपली मुलं संगणकावर बसली पाहिजेत. वर्तमानपत्रांनी त्याची घोषणा केली: ‘किंडर श्टाट इंडर’. भारतीय नकोत, मुलं हवीत. फळ्यावर लिहिलं की वर्ग आधी यमकाला हसतो. जमलंय की यमक! मग एकेकाच्या लक्षात येतं की ‘इंडर’ म्हणजे आपण.

रुटगर्स ती निवडणूक हरले, पाच वर्षांनी तेच त्या राज्याचे मुख्यमंत्री झाले. हे दोन्ही सांगायचं असतं. नुसती पहिली अर्धी गोष्ट सांगितली तर खोटा दिलासा, नुसती दुसरी सांगितली तर खोटी भीती. आज जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत सर्वात मोठा गट भारतीयांचा आहे, 2023-24 च्या हिवाळी सत्रात सुमारे 49 हजार. कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची वार्षिक संख्या 20 हजारांवरून 90 हजारांवर नेऊ, असं 2024 मध्ये जर्मन सरकारने जाहीर केलं. आता ‘इंडर’ हवे आहेत. पुढे काय, ते मला विचारू नका, मी व्याकरण शिकवते.

पुणेकर असल्याने दुसऱ्या एका विविधतेबद्दल बोलताना मला जरा जपून बोलावं लागतं. आम्हाला शुद्ध भाषेचा भारी सोस. जर्मन शिकवतानाही तो आड येतो. उत्तर जर्मनीतलं, हॅनोव्हरकडचं जर्मन म्हणजे जर्मन, बाकी सगळं बोली, असं आमच्या पिढीला शिकवलं गेलं. एखाद्या पोराने व्हिएन्नातल्या काकूचं ऐकून जानेवारीला ‘येनर’ लिहिलं की लाल रेघ. खरं तर ऑस्ट्रियात ते अगदी प्रमाण आहे, सरकारी कागदावर तसंच छापतात. ऑस्ट्रिया 1995 मध्ये युरोपीय संघात गेला, तेव्हा त्याने करारात 23 खाद्यपदार्थांची ऑस्ट्रियन नावं जपून ठेवायची सोय करून घेतली. बटाटा, टोमॅटो, जर्दाळू, सगळे आपापल्या नावानिशी संघात दाखल झाले. स्वित्झर्लंडने तर एक अक्षरच वापरातून काढलं: डबल एससाठीचं ते ग्रीक ‘बीटा’सारखं दिसणारं अक्षर तिथे नाही, आणि कुणाचं काही अडत नाही. जर्मनीच्या पूर्वेला बाउत्सन गावात पाट्या जर्मन आणि सोर्बियन अशा दोन भाषांत आहेत. सोर्ब ही तिथली स्लाव्ह लोकांची जुनी वस्ती, आणि त्यांच्यातलाच एक जण 2008 ते 2017 सॅक्सनीचा मुख्यमंत्री होता.

शिक्षकांना हे कुणी सांगितलं नव्हतं असंही नाही. ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड आणि दोन्ही जर्मनींतल्या तज्ज्ञांनी 1990 मध्येच एकत्र बसून लिहून ठेवलं की जर्मन शिकवायचं तर या सगळ्या देशांसकट शिकवा. बी-वनची, म्हणजे मधल्या पातळीची, परीक्षाही आता जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंड अशा तिन्हीकडच्या संस्थांनी मिळून बनवलेली आहे. तरी तिन्हीकडचे आवाज ऐकवले की वर्गात हमखास ओरड होते, ‘हा काय बोलतोय!’ माझ्या एका अहिराणी बोलणाऱ्या विद्यार्थिनीने मात्र स्विस बाई ऐकून खांदे उडवले. ‘पुण्यात आले तेव्हा सगळेच मला असे ऐकू यायचे,’ ती म्हणाली. तिला त्या भागात पूर्ण मार्क पडले. बाकीच्यांचं शुद्ध मराठी तिथे काही कामाला आलं नाही.

लिंगाचा प्रश्न थोडक्यात उरकते, कारण वर्गात तो वाटतो तेवढा अवघड जात नाही. जर्मन नामांना तीन लिंगं आहेत आणि मराठीलाही, त्यामुळे इंग्रजी माध्यमातल्या मुलांपेक्षा मराठी माध्यमातली मुलं इथे एक पाऊल पुढे असतात. नोकरीच्या जाहिरातीत पदाच्या पुढे कंसात एम, वे, डे अशी अक्षरं असतात: पुरुष, स्त्री आणि ‘डिव्हर्स’. ही तिसरी नोंद 2018 च्या अखेरीस कायद्यात आली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथीयांना मान्यता दिली ती 2014 मध्ये, हे मुलांनीच मला ऐकवलं. शब्दाच्या मधोमध तारा टाकून सर्व लिंगांना सामावून घ्यायची पद्धत विद्यापीठांत बरीच रुळली आहे, तर बव्हेरियाने 1 एप्रिल 2024 पासून ती शाळांत आणि सरकारी कचेऱ्यांत बंद केली (तारीख खरी आहे, चेष्टा नाही). परीक्षेत शिक्षक आणि शिक्षिका दोन्ही शब्द पूर्ण लिहा, असं मी सांगते. कोणी मार्क कापू शकत नाही.

विद्यापीठात गणित वेगळं असतं. तिथे गटे, शिलर, हाइने, टॉमस मान असा महामार्ग आहे, आणि ‘स्थलांतरितांचं साहित्य’ नावाचा चौथ्या सत्रातला ऐच्छिक पेपर. पुन्हा मागचाच धडा, फक्त नाव भारदस्त. एमिने सेव्गी ओझदामार 1965 मध्ये बर्लिनला कारखान्यात काम करायला आल्या, जर्मन येत नसताना. 1991 मध्ये त्यांना बाखमान पुरस्कार मिळाला, 2022 मध्ये ब्युशनर, म्हणजे जर्मन साहित्यातला सर्वात मानाचा. एवढं झाल्यावरही त्यांना ऐच्छिकमध्ये बसवायचं? त्यांचा उतारा वाचायला दिला की आमच्या एम.ए.च्या मुलांचा पहिला प्रश्न असतो, ‘हे वाक्य बरोबर आहे का?’ चुका शोधायची सवय आम्हीच लावलेली. थोडा वेळ जाऊ द्यावा लागतो. मग कुणीतरी म्हणतं, हिने मुद्दाम केलंय. तिथून पुढे वर्ग आपसूक चालतो.

पण मला विचाराल तर पुण्यातल्या विद्यार्थ्याने जर्मन संस्कृतीच्या अभ्यासाची सुरुवात इरावती कर्व्यांपासून करावी. ‘युगान्त’ घराघरांत आहे, डेक्कन कॉलेजातल्या बाई म्हणून त्यांच्या आठवणीही खूप सांगितल्या जातात. त्या बर्लिनला काय करत होत्या, हे मात्र कमी जणांना ठाऊक असतं. विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या शेवटी त्या तिथे गेल्या. सासऱ्यांचा, म्हणजे महर्षी कर्व्यांचा, जायला विरोध होता. स्त्रीशिक्षणाच्या इतिहासातला हा तपशील मी वर्गात सांगतेच. बर्लिनच्या डालेम भागात मानववंशशास्त्राची मोठी संस्था होती. संचालक ऑयगेन फिशर, वंशशास्त्रातलं तेव्हाचं बडं नाव. जर्मनीच्या नैऋत्य आफ्रिकेतल्या वसाहतीत जाऊन मिश्रवंशीय लोकांची मोजमापं घेऊन त्यांनी नाव कमावलेलं. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो कवटीच्या असमानतेचा. कल्पना अशी की गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची डावी-उजवी बाजू जास्त असमान असते आणि त्यांच्या बुद्धीचं रहस्य तिथे आहे. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. वंशाचा आणि असमानतेचा काही संबंध नाही, असा निष्कर्ष काढला आणि तो प्रबंधात लिहिला. त्याच गाइडकडे, त्याच संस्थेत. 1933 मध्ये नाझी सत्तेवर आले आणि फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

ती इमारत अजून आहे. आज तिथे फ्री युनिव्हर्सिटीचा राज्यशास्त्र विभाग भरतो, दारापाशी संस्थेच्या नाझी काळातल्या गुन्ह्यांची माहिती देणारी पाटी आहे. 2014 मध्ये जवळपास खोदकाम चालू असताना मानवी हाडं सापडली. माझी एक विद्यार्थिनी तिथे एका सत्रासाठी गेली होती, तिने पाटीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, ‘कर्वे बाईंचं नाव नाही.’ असायला हवं होतं का, यावर आमच्या ग्रुपमध्ये रात्री बारापर्यंत वाद चालला. काहींचं म्हणणं, पाटी गुन्ह्याची आहे, तिथे त्यांचं नाव कशाला. काहींचं, नाही म्हणणारंही कुणी होतं हे कळायला नको का. वाद सगळा जर्मनमध्ये झाला, चुकांसकट. मी एकही दुरुस्त केली नाही, त्याचं श्रेय मला द्या.

आता संध्याकाळची बॅच. नर्स, इलेक्ट्रिशियन, हॉटेलात काम केलेली मुलं. महाराष्ट्र सरकारचा बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी 2024 मध्ये करार झाला, तेव्हापासून त्या राज्याचं नाव बीड-परभणीतही लोक न अडखळता घेतात. त्या राज्याने स्वतःची जाहिरात केली होती: आम्हाला सगळं येतं, प्रमाण जर्मन सोडून. माझ्या विद्यार्थ्यांना म्हणजे स्वाबियन बोली ऐकायची आहे आणि आमच्या हातात आहे हॅनोव्हरचं पुस्तक. या मुलांकडे इरावतीबाईंसाठी वेळ नसतो. कर्ज काढलेलं असतं, बी-वन वेळेत सुटायला हवं.

सहकारी म्हणतात, यांना कशाला हे विविधता वगैरे, आधी डाटिव्ह विभक्ती तरी येऊ दे. पटतं मला, म्हणूनच दोन्ही एकत्र करते. भाड्याच्या घरासाठी फोन करायचा संवाद आहे. एक विद्यार्थी घरमालक, एक भाडेकरू. ‘कोणाशी बोलतोय?’ इथेच डाटिव्ह आला. भाडेकरू आपलं नाव सांगतो, स्पेल करतो. घरमालक म्हणतो, घर गेलं. मग दुसरा विद्यार्थी फोन करतो, नाव सांगतो म्युलर. घर रिकामं आहे, या बघायला. परभणीच्या इलेक्ट्रिशियनने घरमालक इतका हुबेहूब वठवला की मी विचारलं, कुठे शिकलास? ‘पुण्यात रूम शोधताना,’ तो म्हणाला. वर्ग खळखळून हसला, दोघंतिघं सोडून.

मग कायदा. 2006 पासून जर्मनीत भेदभावविरोधी कायदा आहे, काही अपवाद सोडले तर भाड्याच्या घरालाही लागू. फुकट सल्ला देणारं सरकारी कार्यालय आहे, तिथे ईमेल करता येतो. तो कसा लिहायचा, मायना काय, ‘तुम्ही’चं कुठलं रूप, तारीख कुठे, घटना कुठल्या क्रमाने, हे पुढच्या सोमवारी घेणार आहे. बी-वनला औपचारिक ईमेल असतोच, त्यामुळे पोर्शनच्या बाहेरचं शिकवता अशी तक्रारही कुणाला करता येणार नाही.